हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद: हा गोचीडताप असेल का?

प्रश्न (जुळे सोलापूर): आमच्या चार वर्षांच्या कुत्र्याने तीन दिवसांपासून भाकरीला तोंड लावलेले नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतात आणि काल लघवी काळ्या चहासारखी झाली. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या कानामागून गोचीड काढले होते. उन्हाचा परिणाम समजून थांबावे का?

उत्तर १: थांबू नये, आजच पशुवैद्यकांकडे न्यावे. हा गोचीडतापच असू शकतो: गोचिडामार्फत येणारा बबेसिया हा परजीवी रक्तातील तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, म्हणूनच हिरड्या फिकट पडतात आणि लघवी गडद होते. सोलापूरच्या उन्हात कुत्र्याला धाप लागतेच, त्यामुळे आपण फसतो.

उत्तर २: रक्ताच्या काचपट्टीसोबत (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती तपासणी) प्लेटलेटही मोजून घ्याव्यात, कारण गोचिडामार्फतच एर्लिकिया हा जिवाणूही येतो आणि दोहोंची औषधे वेगळी असतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते. आमची कुत्री आठवड्यात हुंदडू लागली म्हणून आम्ही गोळ्या थांबवल्या (चूक आमचीच) आणि ताप उलटला.

उत्तर ३: घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मुळीच देऊ नये, ती कुत्र्यांना विषारी ठरू शकते. शिवाय फरशीच्या फटी आणि भिंतींच्या भेगा तपासाव्यात. गोचिडाची मादी अंडी तिथेच घालते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज संध्याकाळीच नेतो.