पीआरसाठी फ्रेंच शिकायची का? माझं उत्तर : हो, आणि लगेच

मुठाकाठ :
कॅनडाच्या पीआरबद्दल, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याबद्दल, कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला : "आयल्ट्स परत दे, स्कोअर वाढव." माझं म्हणणं असं, की भारतात बसून अर्ज करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या माणसाने इंग्रजीतला अर्धा बँड खेचण्यात वर्ष घालवू नये. सरळ फ्रेंचच्या क्लासला नाव घालावं.

हिशेब मांडतो. अर्ज एक्सप्रेस एन्ट्रीतून : सीआरएस नावाच्या तक्त्याने गुण मिळतात, सगळे एका यादीत, म्हणजे पूलमध्ये, बसतात, आणि अधूनमधून निघणाऱ्या ड्रॉमध्ये कटऑफच्या वरच्यांना अर्जाचं इन्व्हिटेशन येतं. काही ड्रॉ ठरावीक गटांसाठीच असतात, फ्रेंच येणाऱ्यांचा त्यातलाच एक. वय ३४, बीई, टेस्टिंगमधला भरपूर अनुभव. बायकोही बीई. दोघांचंही आयल्ट्स सीएलबी ९ (सीएलबी ही इंग्रजीची तिथली मोजपट्टी). सीआरएसमध्ये वयाचे ७५, पदवीचे ११२, इंग्रजीचे ११६, बायकोच्या नावावर २८, आणि पदवी-इंग्रजी-अनुभव यांच्या जोडीचे ७५. एकूण ४०६. मी जीव काढून सीएलबी १० केलं तरी वाढणार फक्त १२. नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंदच झाले. सगळ्यांसाठी खुला असलेला ड्रॉ २०२५ मध्ये एकदाही निघाला नाही. तिथे आधीच काम करत असलेल्यांच्या ड्रॉचा कटऑफ वर्षभर ५०० च्या वर. मग ४०६ घेऊन पूलमध्ये बसायचं कशासाठी?

आता फ्रेंच. ऐकणं-वाचणं-लिहिणं-बोलणं या चारही भागांत एनसीएलसी ७ (फ्रेंचची तशीच मोजपट्टी), म्हणजे ढोबळमानाने युरोपीय मापाची बी२ पातळी, आली की दुसऱ्या भाषेचे १२ आणि वर बोनस ५०. झाले ४६८. शिकता शिकता ३६ चा झालो तर वयाचे १० कमी, तरी ४५८ उरतात. फ्रेंचच्या ड्रॉचा कटऑफ मार्च २०२५ मध्ये ३७९ होता. बोला.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या :
बोलतो की. मार्चचा ३७९ बरोबर सांगितलास, त्याच वर्षीच्या ऑगस्टचा ४८१ का गाळलास? तुझे ४५८ तिथे पडले असते.

माझा आक्षेप मात्र आकड्यांपेक्षा मोठा आहे. सरकारच्या लाडक्या गटावर आयुष्याची दोन वर्षं लावू नयेत. २०२३ मध्ये स्टेमचा (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनियरिंग-गणित) गट आला तेव्हा आपली सगळी आयटी जनता पेढे वाटत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी बदलली, सॉफ्टवेअर इंजिनियर आणि डेटा सायंटिस्ट बाहेर. ट्रान्सपोर्टचा गट तर तेव्हा अख्खाच गेला. उद्या फ्रेंचचंही तेच झालं, तर तू पुण्यात बसून क्रियापदं चालवत राहणार.

आणि एक गंमत. एवढी फ्रेंच शिकून क्युबेकला जायची सोय नाही, कारण त्यांची निवडपद्धत वेगळी. एक्सप्रेस एन्ट्रीत तुला क्युबेकबाहेरच राहायचं आहे. माझ्या गल्लीत फ्रेंचपेक्षा पंजाबीचा उपयोग जास्त होतो, हे अनुभवाचे बोल.

मुठाकाठ :
ऑगस्टचं मान्य. पण स्टेमची तुलना चुकीची आहे. स्टेम हा बाजाराचा मामला : माणसं कमी पडली, बोलावली, जास्त झाली, दार बंद. फ्रेंच तिथे १९६९ च्या कायद्यापासून इंग्रजीच्या बरोबरीची राजभाषा आहे, आणि क्युबेकबाहेरचा फ्रेंच टक्का घसरतोय ही त्यांची जुनी दुखरी नस. म्हणून तर इमिग्रेशनच्या आराखड्यात क्युबेकबाहेर येणाऱ्या फ्रेंच भाषकांचा वाटा वेगळा लिहिलेला असतो. २०२५ साठी तो ८.५ टक्के होता आणि पुढच्या वर्षांसाठी चढता. एकूण पीआरचा आकडा कमी करताना त्यांनी हा वाटा वाढवला. यावरून काय ते समजा.

गिरगावचौपाटी :
मला यातलं काही करायचं नाही, पण एक विचारतो. परीक्षेपुरती भाषा घोटायची आणि उतरल्यावर टोरंटोच्या आसपास जाऊन इंग्रजीत नोकरी करायची, हे त्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणं नाही का? रिक्षाच्या परवान्याला मराठी हवी म्हटल्यावर आपल्याकडे केवढा गहजब झाला होता. तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवा.

मादाम_सदाशिवपेठ :
मी फ्रेंच शिकवते, म्हणून राहवत नाही. आधी मुठाकाठ यांना : तुमचा हिशेब बरोबर असेल, पण "बी२ आली की" हे तीन शब्द तुम्ही फार सहज लिहून टाकलेत. शून्यापासून बी२ म्हणजे वर्गातले साडेपाचशे-सहाशे तास. घरचा अभ्यास वेगळा. हल्ली "सहा महिन्यांत कॅनडा फ्रेंच" अशा जाहिराती बोकाळल्यात. त्यातून आलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा व्याकरण पाठ असतं, आणि ऐकायला लावलं की चेहरा कोरा.

टेफ या फ्रेंचच्या परीक्षेतली तोंडी परीक्षा कशी असते ते सांगते. पहिल्या भागात तुमच्या हातात एक जाहिरात देतात, समजा भाड्याच्या घराची. समोरचा परीक्षक फोनवरचा घरमालक. तुम्ही त्याला आदरार्थी बोलत एकापाठोपाठ एक प्रश्न विचारायचे : भाडं किती, वीज त्यात धरली आहे का, कुत्रा चालेल का. दुसऱ्या भागात तोच परीक्षक तुमचा मित्र होतो, एकेरीत बोलायचं, आणि त्याला एखादी गोष्ट करायला पटवायचं. तो मुद्दाम नाही म्हणत राहतो. वेळ नाही, पैसे नाहीत, बायको ओरडेल. इथे पाठ केलेलं दोन मिनिटांत संपतं. आयटीतल्या हुशार मुलांची इथेच दांडी उडते, कारण त्यांनी भाषा कोडिंगसारखी शिकलेली असते.

चौपाटीवाल्यांना : तुमचा प्रश्न बोचरा आहे पण खोटा नाही. मात्र या रेट्यात बी२ पर्यंत पोचलेल्यांपैकी काही जण तिथे जाऊन फ्रेंच शाळांतून, फ्रेंच कॉलसेंटरांतून काम करतायत. हेतू काहीही असो, भाषा अंगाला चिकटते थोडी.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या :
मादामनी माझं काम सोपं केलं. सहाशे तास! त्यापेक्षा एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन (म्हणजे प्रांतानेच तुझी शिफारस करणं) मिळव, एका झटक्यात ६०० गुण.

मुठाकाठ :
प्रांतांचा कोटा २०२५ मध्ये जवळपास निम्म्यावर आणला होता, हे तुला तिथे बसून माहीत नाही होय? आणि बरेच प्रांत आधी तिथलीच नोकरी किंवा शिक्षण बघतात. "मिळव" म्हणायला काय जातं.

नीलाक्षी_के :
इतकी हमरीतुमरी चाललीय, पण मूळ गोष्ट कुणी विचारलीच नाही. फ्रेंच शिकणार कोण?

मुख्य अर्जदार नवराच, हे मुठाकाठ यांनी गृहीत धरलंय. फ्रेंचचे गुण फक्त मुख्य अर्जदाराच्या नावावर चढतात. जोडीदाराची पहिली भाषा धरतात, दुसरीचा एकही गुण नाही. म्हणजे घरात ज्याला फ्रेंच पटकन येईल त्याने मुख्य अर्जदार व्हावं, आणि पगार कुणाचा जास्त याचा इथे काही संबंध नाही. दोघांची दोन वेगळी प्रोफाइल्स टाकायलाही मनाई नाही.

आमच्याकडे अर्ज माझ्या नावाने केला. मी अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतली होती, तेवढ्या पायावर पुढचं शिकले. शिवाय मी वयाने लहान. त्या तक्त्यात ३१ व्या वर्षाला ९० गुण आहेत आणि ३४ ला ७५. घरच्यांना आधी रुचलं नाही. "हिच्या नावावर सगळे जाणार का?" असं ऐकून घेतलं. जाणार, बाई, जाणार.

मुठाकाठ, वहिनी शाळेत काय शिकल्या होत्या?

मुठाकाठ :
आठवी ते दहावी संपूर्ण फ्रेंच. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अनुभव सात वर्षांचा. हं. रात्री बोलतो.

कागदोपत्री :
बोला रात्री. तोवर माझं ऐका, कारण तुम्ही सगळे इन्व्हिटेशन मिळेपर्यंतचीच चर्चा करताय. खरी परीक्षा त्यानंतरच्या ६० दिवसांत असते. तेवढ्यात पूर्ण अर्ज कागदांसकट भरायचा. भाषेवर दोन वर्षं घालवून या ६० दिवसांत एचआरच्या दारात उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. म्हणून माझं मत : फ्रेंच शिका नाहीतर शिकू नका, पण पहिला रविवार कागदांना द्या.

सगळ्यात जास्त अडतं ते अनुभवपत्रावर. आपल्या कंपन्यांचं छापील पत्र असतं : हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कॅनडावाल्यांना हवं असतं लेटरहेडवर, पगार, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष काय काम करत होतात त्याच्या तपशिलासह. एचआर म्हणतं, आमची पॉलिसी नाही. मग काही हुशार मंडळी एनओसीच्या (कॅनडाच्या व्यवसायांच्या सरकारी वर्गीकरणाच्या) वेबसाइटवरची कामाची यादी जशीच्या तशी उतरवून मॅनेजरची सही घेतात. तिथल्या अधिकाऱ्यांनी तेच वाक्य आधी हजारदा वाचलेलं असतं. खोटं ठरलं तर पाच वर्षांची बंदी.

दुसरं, नावं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी स्वतःच्या नावाला जोडलेलं, कधी गायब. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. पदवीवरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आता पाचशेचा स्टॅम्प पेपर लागतो.

तिसरं, क्रम. पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं चालतं, भाषेचे निकाल दोनच. म्हणून वेसचं (हे मूल्यांकन करणारी संस्था) काम आधी, कारण विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट जायला हवं आणि तिथल्या खिडकीला तुमची घाई नसते. आयल्ट्स फ्रेंच आटोक्यात आल्यावर. मुठाकाठ, तुम्ही आयल्ट्स आत्ताच दिलंय, दोन वर्षं फ्रेंच शिकाल तोवर ते शिळं होईल. हिशेबात ती फी धरा.

आणि ऑनसाइट जाऊन आलेल्यांनो, मागच्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागेल.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या :
कागदोपत्रींना शंभर टक्के अनुमोदन. पैसे दाखवायचं राहिलं : बँकेचं पत्र सहा महिन्यांच्या सरासरीसकट, आणि सासऱ्यांकडून उसने आणून चालत नाही. फ्रेंचबद्दल माझं मत तेच. गट उद्या गेला तर मला टॅग करू नका.

मुठाकाठ :
गट राहिला तर मात्र करणार. कागदोपत्री, एक विचारायचं होतं. बायकोची पहिली कंपनी बंद पडली. पत्र देणारंच कुणी उरलं नाही. तीन वर्षांचा अनुभव तिथलाच आहे.

कागदोपत्री :
तिच्या तेव्हाच्या मॅनेजरला शोधा. त्याने स्वतःच्या शब्दांत, ती काय काम करायची ते प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, सोबत तो तिथेच होता याचा स्वतःचा पुरावा. मग नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, पगार जमा झाल्याची बँक स्टेटमेंट्स, आणि कंपनी बंद पडल्याचं एक पानाचं स्पष्टीकरण. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेलीय का ते आधी बघा. बंद पडलेल्या कंपन्यांचे लोक हमखास तिथे अडकतात.