ऑटिझम असलेल्यांना गाडी चालवताना काय जड जातं? स्वतः चालवणाऱ्यांनी सांगा

पऱ्हाटीचं_फूल (आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार. वय २४, मला ऑटिझम आहे. निदान मोठेपणी नागपूरला झालं. मी हट्टी नाही, मला आवाज खरोखर बोचतो, हे घरच्यांना आता कुठे कळू लागलंय.

मी तळेगावला सेतू केंद्रात काम करते. संध्याकाळची एसटी गेली की काळीपिवळीशिवाय पर्याय नाही. त्यात माणसावर माणूस, कुणाचं तरी कोपर बरगडीत आणि कानाशी मोठ्याने गाणी. अशा दिवशी घरी आल्यावर मला जेवणही जात नाही. बाबांना मोतीबिंदू आहे, रात्रीचं त्यांना चालवता येत नाही. भाऊ पुण्याला. घरी जुनी वॅगन-आर उभी असते. म्हणून शिकायचं मीच ठरवलं, लर्निंग काढलं आणि एका सरांकडे जातेय.

सगळ्यांना वाटलं होतं की क्लच-गिअर मला झेपणार नाही. उलट गाडीचं यंत्र मला फार आवडलं. हाफ क्लचला गाडी बारीक थरथरते, ते तळपायाला कळतं, आणि ती जागा रोज तीच असते. इतकं भरवशाचं माझ्या दिवसात दुसरं काहीच नसतं.

अडतं ते माणसांपाशी. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो. पुस्तकाप्रमाणे तो उजवीकडे वळणार. सर म्हणतात, "अवं, तो तुले म्हणते, ये पुढं." परवा एका ट्रकने तसाच इंडिकेटर दिला आणि तो खरंच उजवीकडच्या पेट्रोल पंपात शिरला. मी विचारलं, सर, कोणता खरा हे ओळखायचं कसं? ते म्हणाले, "समजून जाते." मला समजून जात नाही. समोरून डिपर मारणारा 'थांब, मी येतोय' म्हणतो की 'ये, तू आधी ये' म्हणतो? नाल्यावरच्या अरुंद पुलाशी दोघंही थांबलो की माझं डोकं पूर्ण बंद पडतं, आणि तेवढ्यात मागचा हॉर्नवर हात ठेवून बसतो.

शिवाय निंबाच्या झाडांखालून जाताना काचेवर ऊन-सावली, ऊन-सावली असं इतकं भराभर होतं की मला मळमळतं. सीटबेल्ट मानेला घासतो ते वेगळंच.

हे सवयीने जमतं का? की ज्यांना जमलं ते दुसरंच काहीतरी करतात? कृपया नुसतं 'हिंमत ठेव' लिहू नका. काय करता ते लिहा.

---

वऱ्हाडी_माणूस

ताई, राग मानू नका. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, त्याला रस्ता ओलांडतानाही हात धरावा लागतो. गाडी म्हणजे आपल्यासोबत दुसऱ्याच्याही जिवाचा प्रश्न. घरच्यांनी दुसरी काही सोय बघावी असं मला मनापासून वाटतं.

---

वाइंडिंगवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, मी ४१ वर्षांचा, ऑटिस्टिक. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पोरीचं निदान करायला गेलो तेव्हा माझंही झालं. गाडी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालवतो. तांब्याची तार आणायला यवतमाळ, कधी अमरावती.

आधी वरच्या भाऊंना. भाच्याची काळजी रास्त आहे, पण ऑटिझम सगळ्यांत सारखा नसतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातल्या लायसन्सच्या आणि अपघातांच्या नोंदी ताडून पाहिल्या, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बौद्धिक अपंगत्व नसलेल्या ऑटिस्टिक तरुणांपुरता तो अभ्यास होता. लायसन्स नुकतंच मिळालेल्यांमध्ये ऑटिस्टिक पोरांचे अपघात बाकीच्यांपेक्षा जास्त नव्हते, उलट काहीसे कमी होते. झालेला अपघात अतिवेगामुळे असण्याची शक्यता तर निम्मीच. त्याच संशोधकांच्या आधीच्या कामात असंही दिसलं होतं की अशा तरुणांपैकी साधारण तिघांतला एकच लायसन्सपर्यंत पोचतो. म्हणजे बरेच जण चालवत नाहीत, आणि जे चालवतात ते जपून चालवतात.

पण ताई, त्या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची आहे. डावीकडे वळताना आणि यू-टर्न घेताना होणारे अपघात ऑटिस्टिक चालकांमध्ये बरेच जास्त निघाले. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावं वळण म्हणजे समोरून येणाऱ्यांची वाट कापणं. आपल्याकडे ते उजवं वळण. वाचलं तेव्हा मला एकदम पटलं. समोरच्याचा वेग, त्याच्या मनात काय आहे ते, मागच्याचा हॉर्न, सगळं एकाच क्षणी जुळवायचं, आणि मला ते जुळत नाही. यवतमाळात मी तार घेतो ते दुकान उजव्या हाताला आहे. मी तिथे वळतच नाही. सरळ पुढे, जिथे वाहतूक पोलीस असतो त्या चौकातून फिरून येतो, आता दुकान डाव्या हाताला. पेट्रोल जळतं थोडं. जळू द्या.

आता ट्रकचं. तो काय म्हणतो याचा अर्थ लावणं मी सोडून दिलं. अंदाज बांधून मी काहीच ठरवत नाही. मी बघतो की त्याचा वेग उतरतोय का, ब्रेकचा दिवा लागला का, तो रस्त्याच्या मधाकडे सरकतोय का, आणि उजवीकडे पंप, ढाबा, फाटा असं काही आहे का. यातलं एक जरी असलं तरी तो वळणार असं धरून मागे राहतो. काहीच नसलं तरी समोरचा रस्ता मला स्वतःला लांबपर्यंत मोकळा दिसल्याशिवाय पुढे काढत नाही, मग क्लीनरने हात बाहेर काढून बोलावलं तरी नाही. तुमचे सर खोटं सांगत नाहीत, ड्रायव्हर लोकांत ती बोली चालते. पण ती सगळ्यांची एक नाही, आणि आपण तिच्यावर जीव टाकू नये.

डिपरचंही तेच. समोरून डिपर आला की माझ्यापुरता एकच अर्थ: तो थांबणार नाही. मी थांबतो. तो मला बोलवत होता असं निघालं तर माझी दोन मिनिटं गेली, बाकी काही नाही. पुलाशी तो दुसऱ्यांदा डिपर मारतो, हात करतो आणि त्याची चाकं उभी दिसतात, तेव्हा मी निघतो. मागचा हॉर्न वाजवतो ती त्याची घाई. तिच्यावर माझा पाय हलत नाही.

अंधारात एकच दिवा येताना दिसला तर मोटारसायकल समजू नका. आपल्याकडे कापूस जिनिंगला निघाला की एका दिव्याचे ट्रॅक्टर सुटतात, आणि मागे ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. सोयाबीनच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर वाळवण पसरलेलं असतं, त्याच्या कडेला दगड मांडलेले. मी त्या दिवसांत दिवेलागणीच्या आत घरी येतो. समोरून पांढरा एलईडी आला की त्याच्याकडे बघत नाही, वेग कमी करून डाव्या कडेवर नजर ठेवतो.

बेल्टचं सोपं आहे. मानेला लागतो तिथे जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळून बटण लावलंय. पट्टा ताणायला आणि खटक्यात बसायला मोकळा राहिला पाहिजे, एवढं बघा. वासाची बाटली काढून फेकली, पंखा एकवर. कानात बोळे घालू नका, हॉर्न ऐकू यायलाच हवा. ऊन-सावलीसाठी मी वेळ बदलतो. सूर्य डोक्यावर असला की झाडांच्या सावल्या आखूड पडतात, सकाळ-संध्याकाळ त्या पूर्ण रस्त्यावर आडव्या येतात.

लोक म्हणतात समृद्धीवर चालव, तिथे दुचाकी-तीनचाकीला बंदी, सगळे एकाच दिशेने. मला तिथे बरं वाटतं हे खरं. पण सरळ रस्त्यावर माझं मन कॉइलच्या वेढ्यांत शिरतं आणि मधले किलोमीटर कुठे गेले ते कळत नाही. कारंज्याहून चढलो की पहिल्या थांब्यावर उतरतोच. कारला १२० ची परवानगी आहे, मी त्याच्या बराच खाली चालवतो.

आणि दुकानात दिवसभर ग्राइंडर चालला असेल तर गाडी तिथेच ठेवून पायी घरी. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

---

चारचाकी_मास्तर (अमरावती)

मी गाडी शिकवतो. माझ्याकडे दोन-चार ऑटिस्टिक मुलं-मुली शिकून गेली, त्यांच्याकडून मलाच शिकवणं बदलावं लागलं. "थोडं डावीकडे घे" म्हटलं की ती गोंधळायची. "पांढऱ्या पट्टीपासून एक हात" म्हटलं की गाडी बरोब्बर तिथे. तुमच्या सरांना हे स्पष्ट सांगा. 'समजून जाते' हे शिकवणं नाही.

दुसरं, चालवताना जे दिसतं ते मोठ्याने बोला: "पुढे बैलगाडी, डावीकडे शाळेचा फलक, मागे कोणी नाही." शिकवणाऱ्याला कळतं तुमची नजर कुठे पोचली आणि कुठे नाही. उजव्या वळणाचा सराव एकाच वळणावर, सकाळी रस्ता रिकामा असताना, कंटाळा येईपर्यंत करा. मगच दुसरं वळण.

तुम्हाला लिहिलेले नियम आवडतात असं दिसतं, तर मोटार व्हेईकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स, २०१७ वाचा. खुणा किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असलं बरंच त्यात आहे, जे रस्त्यावर कुणी सांगत नाही. समोरचा ते पाळेलच असं धरायचं नाही, पण आपलं काय चुकतंय आणि काय नाही हे तरी कळतं.

लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये ऑटिझमचं नाव नाही. मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपणे याबद्दल सरळ प्रश्न आहे, आणि शेवटी दुसऱ्यांना धोका होईल असा काही आजार वा अपंगत्व आहे का, असं विचारलंय. ऑटिझमसोबत मिरगीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोला. गोळ्या चालू असतील तर त्याने झोप येते का तेही विचारा. लर्निंग ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते, पण तिसाव्या दिवशी द्यायलाच पाहिजे असं काही नाही.

---

तलावाकाठी (भंडारा जिल्हा)

मीही ऑटिस्टिक. लायसन्स आहे, गाडी चालवत नाही. चालवता येते, टेस्टही नीट झाली. पण घरी पोचले की संध्याकाळभर तोंडातून शब्द निघायचा नाही, मुलगी काही विचारायची आणि मी नुसती भिंतीकडे बघायची. चालवताना मी सगळं बघायची, झाडावरचा प्रत्येक बोर्डसुद्धा, आणि यातलं काय सोडायचं हे मेंदू ठरवायचाच नाही. शेवटी नवऱ्याशी बोलून सोडलं. आता तुमसर रोडहून नागपूरला रेल्वेने जाते, खिडकीकडे तोंड करून. मुलीसाठी माझ्याकडे संध्याकाळ उरते.

तुम्ही शिका असंच मी म्हणेन. फक्त टेस्ट पास होणं आणि रोज चालवणं वेगवेगळं आहे. घरी पोचल्यावर तुमच्यात किती उरतं तेही बघत जा.

---

पऱ्हाटीचं_फूल

सगळ्यांचे आभार. वाइंडिंगवाले दादा, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं आणि सरांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आज पहिल्यांदा "ये पुढं" न म्हणता "पंप दिसते का? ब्रेक लागला का?" असं विचारत होते. मी मागेच राहिले आणि पोटात गोळा आला नाही. उजव्या वळणाचा सराव सकाळी गावच्या फाट्यावर करायचं ठरलंय.

ताई, तुमचं वाचून आधी भीती वाटली, नंतर बरं वाटलं. घरी आल्यावर मला जेवण जातं का, हे मी बघत जाईन.

अजून एक. कधी आई मागे बसते. बोलते काही नाही, पण सारखी "हळू, हळू" म्हणते. मी आधीच हळू असते. ते ऐकलं की मी आरशात तिच्याचकडे बघते, रस्ता सुटतो. तिला गप्प बस म्हणवत नाही, तिला भीती वाटते म्हणून ती बोलते.

---

वाइंडिंगवाला

गप्प बसवू नका. माझी मायही अशीच करायची. तिला म्हटलं, 'हळू' म्हणू नको, तुला जे दिसलं त्याचं नाव घे. बैल. पोरगं. खड्डा. आता ती तेवढंच म्हणते, आणि पुष्कळदा माझ्या आधी तिलाच दिसतं. लर्निंग आहे तोवर शेजारी लायसन्सवाले सर हवेतच, पण आईला हे आतापासून सांगून ठेवा.