शब्दचर्चा : ‘रोटरी इंजिन’ला मराठीत काय म्हणावं?

फिरकी : हौशी मंडळी स्वतः बांधलेल्या विमानात माझदा मोटारीचं रोटरी इंजिन बसवतात, त्यावर लेख लिहितोय. ‘घूर्णी’, ‘परिभ्रमी’, ‘चक्री’ असे पर्याय सुचताहेत. कोणता घ्यावा?

अनुस्वार : ‘चक्री’ नको. त्याला वादळ आणि उपोषण दोन्ही आधीच चिकटलेत.

तेलकट हात : आधी कुठलं रोटरी ते सांगा. विमानांच्या दुनियेत हे नाव दोनदा वापरलं गेलंय.

पहिलं फ्रान्समधलं ‘नोम’, १९०९ पासून विमानांत दिसू लागलेलं. त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, विमानाला पक्का जखडलेला असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरत. पहिल्या महायुद्धातल्या ‘सॉपविथ कॅमल’ या ब्रिटिश लढाऊ विमानाला याच जातीची इंजिनं होती. वंगण म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वापरलेलं तेल धुराबरोबर बाहेर पडे, थोडं वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. पुढचं मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरं फेलिक्स वांकेल यांचं. जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये ते पहिल्यांदा चाललं. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. कंबरेत किंचित दबलेल्या लंबगोल कोठीत तीन कोनांचा रोटर फिरतो आणि मधल्या मुख्य शाफ्टला फिरवतो. तुमचं माझदा यातलंच. विमानं बांधणाऱ्यांत ‘१३बी’ जास्त चालतं : दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी.

फिरकी : मग दुसऱ्याला ‘परिभ्रमी’ चालेल?

खडू-फळा : शाळेचा भूगोल आठवा. स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. वांकेलचा रोटर दोन्ही करतो. त्याचं एक परिवलन पुरं होईतो त्याचा मध्यबिंदू शाफ्टच्या अक्षाभोवती तीन परिभ्रमणं करतो. म्हणून ‘परिभ्रमी’ही अपुरा आणि ‘परिवलनी’ही.

तेलकट हात : वा! आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर चालतं’ म्हणतात, तेव्हा त्या फेऱ्या शाफ्टच्या. रोटर तेवढ्या वेळात २००० च फिरतो. लेखात ‘रोटर ६००० फेरे घेतो’ असं लिहाल तर जाणकार तिथेच वाचणं सोडतील.

विमानाचा पंखा तर ६००० फेऱ्यांच्या शाफ्टलाही थेट जोडता येत नाही. त्याची टोकं आवाजाचा वेग गाठू पाहतात आणि ताकद नुसत्या गोंगाटात जाते. म्हणून मध्ये फेऱ्या कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स लागतो. मोटारीच्या इंजिनाबरोबर तो येत नाही, बांधणाऱ्याला वेगळा जमवावा लागतो, आणि कंपनांची खरी डोकेदुखी तिथे सुरू होते. शिवाय रेडिएटरला हवा कशी मिळेल ते पाहायचं आणि लालभडक तापणारा, कानठळ्या बसवणारा एक्झॉस्ट सांभाळायचा. पेट्रोलही जास्त पितं.

अनुस्वार : मग कशाला हौस?

तेलकट हात : आटोपशीर आहे, धडधड कमी. आणि बिघडण्याची तऱ्हा. रोटरच्या टोकाचं सील, म्हणजे कोठीच्या भिंतीशी फट बंद ठेवणारी पट्टी, तुटलं तर बहुतेकदा त्या रोटरचं कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल दाबून धरणं) जातं, ताकद घटते, पण इंजिन फिरत राहतं. याला ‘इंजिन बंद पडलं’ लिहू नका, ‘जाम झालं’ तर नकोच. ‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणा. हवेत असताना हा फरक मोठा असतो. अर्थात थंडावणीचं पाणीच गळून गेलं तर हेही इंजिन दया दाखवत नाही.

खडू-फळा : माझं मत : जुन्याला ‘फिरत्या सिलिंडरांचं इंजिन’, नव्याला ‘वांकेल इंजिन’. ‘रोटरी’ एकदा सांगून सोडून द्यावं. महायुद्धकालीन विमानांच्या प्रतिकृतीही हौशी लोकच बांधतात, त्यामुळे एकाच लेखात दोन्ही रोटऱ्या यायची शक्यता आहे.

तेलकट हात : आणि तिसरा गोंधळ रेडियलचा. प्रतिकृतींत पुष्कळदा तेच बसवतात. सिलिंडर तसेच चांदणीसारखे मांडलेले, पण जागचे हलत नाहीत. बंद इंजिनाच्या फोटोवरून ‘रोटरी’ लिहू नका.

फिरकी : पटलं, ‘वांकेल’ ठरलं. आता या विमानांना काय म्हणू? ‘घरगुती विमान’ लिहून पाहिलं, हसू आलं.

अनुस्वार : ‘स्वनिर्मित’?

खडू-फळा : त्यात सगळंच स्वतः केल्याचा दावा होतो. अमेरिकेतल्या नियमाला निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं पुरतं. तयार सुटे भाग आणून जोडणारे पुष्कळ आहेत. ‘हौशी बांधणीचं विमान’ म्हणा. तिथे त्यावर ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहावं लागतं. त्याचं ‘प्रायोगिक’ केलंत तर तो परवान्याचा वर्ग आहे हे एका वाक्यात सांगा, नाहीतर वाचकाला वाटेल वैमानिकावरच प्रयोग चाललाय.