स्वातंत्र्याबद्दल लोकांकडून लिहून घ्यायचंय, पण सगळे भाषणच लिहितात

सोलापुरी_रंगारी
नमस्कार मंडळी. आम्ही पाचसहा जण सोलापुरात १५ ऑगस्टच्या सुमारास एक छोटा उपक्रम करतोय, मांजरपाटाचं लांब कापड टांगायचं, वर लिहायचं 'माझ्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे...' आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं मार्करनं पुढचं लिहायचं, मग त्यातल्याच वाक्यांवरून एक भिंत रंगवायची. परवा एका कॉलेजच्या गेटबाहेर ट्रायल घेतली. निम्म्या कापडावर जय हिंद, मेरा भारत महान, दोन बदाम आणि एकाचा इन्स्टा आयडी. चार हुतात्म्यांची नावं बऱ्याच जणांनी लिहिली, ते साहजिकच आहे म्हणा, १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या आणि त्यानंतर फाशी दिलेल्या या चौघांच्या गोष्टी ऐकतच मोठे होतो आपण इथे. पण स्वतःचं असं कोणी काही लिहीत नाही. बायका तर वाचतात, हसतात आणि निघून जातात. काय बदलावं? बजेट रंगापुरतंच आहे.

पेठेतली
बायका लिहिणार कशा, मार्कर हातात घेतला की मागे चार टाळकी उभी, काय लिहितेय बघू. आम्ही पुण्यात असंच काहीतरी केलं होतं तेव्हा चिठ्ठ्या आणि कुलूप लावलेला डबा ठेवला, नाव नाही गाव नाही. एक चिठ्ठी होती, "रात्री साडेनऊला टपरीवर एकटीनं चहा, आणि कोणी वळून बघायला नको." दुसरीत फक्त "फोनला लॉक". कापडावर हे आलं असतं का सांगा.

निळी_शाई
डबा ठीक आहे पण प्रश्नच फार मोठाय हो, त्यावर माणूस निबंधच लिहिणार. अमेरिकेत फॉर फ्रीडम्स म्हणून कलाकारांचा गट आहे, हँक विलिस थॉमस वगैरेंनी २०१६ ला काढलेला, ते अंगणात रोवायच्या पाट्या देतात आणि लोक रिकामी जागा भरतात, कशाचं स्वातंत्र्य, कशापासून, कशासाठी. रूझवेल्टनं १९४१ च्या भाषणात चार स्वातंत्र्यं सांगितली होती ना, बोलण्याचं, उपासनेचं, आणि अभावापासून नि भीतीपासून, तिथून उचललंय. तुम्ही फक्त 'कशापासून' विचारा. सासूपासून, ईएमआयपासून, पाण्याच्या नंबरापासून. हसू येईल पण खरी उत्तरं हीच.

जय_सोलापूर
ईएमआयपासून स्वातंत्र्य?? १२ जानेवारी १९३१ ला चौघं फासावर गेले ते यासाठी का? काहीही चाललंय.

पेठेतली
मग कशासाठी गेले दादा, लोकांनी तुमची परवानगी घेऊन लिहावं म्हणून?

आडनाव_नको
भांडा नंतर. रंगारीभाऊ, १५ ला संपवू नका, ३१ ऑगस्टपर्यंत न्या. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आमच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच, तारेच्या आत राहायचं आणि हजेरी द्यायची. देशाला स्वातंत्र्य मिळालं तरी आमच्या मागची हजेरी लगेच सुटली नाही, तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून आम्ही त्या दिवशी विमुक्त दिन करतो. अजूनही कुठे चोरी झाली की पोरं उचलतात, तेव्हा 'कशापासून' विचारलंत तर आमच्याकडे उत्तर तयार आहे. या तिकडे, पण नुसते फोटो काढायला येणार असाल तर नका येऊ, आणि भिंत आमच्याच पोरांच्या हातानं रंगू द्या.

विडीवालीची_लेक
पूर्व भागात पण या. आमच्याकडे आई-मावश्या दिवसभर विड्या वळतात, हजारचा हिशोब असतो, चिठ्ठी लिहायला हात रिकामे कुठले. कारखान्यात विड्या द्यायला रांग लागते तिथे उभं राहून फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आणि बऱ्याच जणींची घरची भाषा तेलुगू, तर तेलुगूतच बोलू द्या, मराठीचा आग्रह नको. आईला आत्ता विचारलं कशापासून सुटका हवी, तर म्हणाली "त्या चेकरपासून, चांगल्या विड्या बाद करतो मेला."

सोलापुरी_रंगारी
चेकरवालं वाक्य भिंतीवर जाणार, आईंना चालणार असेल तर. कापड रद्द, डबा आणि रेकॉर्डिंग फायनल, तेलुगू येणारी एक मैत्रीण आहे ती सोबत येईल. ३१ पर्यंत नेतोय. @आडनाव_नको, सेटलमेंटमधलं आम्ही परस्पर काही ठरवत नाही, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, रविवारी कोणाला भेटायचं तेवढं कळवा.

पेठेतली
आणि डब्याची चावी कुठल्या मंडळाच्या अध्यक्षाकडे देऊ नका म्हणजे झालं.