निसर्गचित्रणासाठी कोणते साहित्य घ्यावे? (मर्यादा १,५०० रुपये)

धुऱ्यावरचा पळस: यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी शिक्षक आहे. डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने यॉर्कशरमधील त्याच वाटा आणि तीच झाडे निरनिराळ्या ऋतूंत रंगवली. कॅमेरा एका डोळ्याने, एका क्षणापुरते पाहतो. माणूस मात्र मान वळवत, आधीचे आठवत, वेळ घेऊन पाहतो, हा त्यामागचा विचार मला पटला. आमच्या वावराच्या धुऱ्यावरचा पळस मला असाच वर्षभर काढायचा आहे. १,५०० रुपयांत काय घ्यावे, आणि जागेवर बसावे की मोबाइलवरच्या फोटोवरून काढावे?

निवृत्त कलाशिक्षक: जलरंगासाठी शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागदच घ्यावा. मी नऊ हजारांचे साहित्य घेतले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पऱ्हाटीच्या मुलखात कापसाचा कागद बाहेरून मागवावा लागतो, हे दुःख वेगळे.

सागवान: जागेवर मुळीच बसू नका. गेल्या एप्रिलमध्ये मी सकाळी अकराला बसलो. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येण्याआधीच वरचा रंग वाळला आणि मधोमध जी आडवी कड उमटली, ती शेवटपर्यंत गेली नाही. कागदही महागाचाच होता.

बोंडअळी: दोष उन्हाचा नसून अकराच्या मुहूर्ताचा आहे. सहा ते आठ या वेळात बसावे, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लायवर ताणून चिकटवावा आणि पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे रंग सावकाश वाळतो. सावलीला काळा रंग नको. अल्ट्रामरीन या निळ्यात थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळावा.

वर्धेकर: हॉकनीने यॉर्कशरमधल्या वोल्डगेट या रस्त्यावरचा वसंत २०११ मध्ये आयपॅडवर काढला होता. मी २८ हजारांचा टॅब घेतला, त्यावर काहीच वाळत नाही.

निवृत्त कलाशिक्षक: चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मध्य प्रदेशातील मंडल्याकडचे जंगल त्यांनी फ्रान्समध्ये राहून रंगांत आणले, झाड समोर हवेच असे नाही. कागद मात्र कापसाचाच घ्यावा, हे पुन्हा सांगतो.

बोंडअळी: कागद आणि टॅब मिळून प्रश्नकर्त्याचे दीड हजार केव्हाच संपले! हॉकनीचे २००७ चे यॉर्कशरमधल्या वॉर्टर गावाजवळच्या झाडांचे चित्र सुमारे १५ फूट उंच आणि ४० फूट रुंद आहे, पण ते ५० कॅनव्हास जोडून झाले. ते कॅनव्हास त्याने उघड्यावरच रंगवले. फोटो आणि संगणक लागले ते सगळे तुकडे एकत्र कसे दिसतात हे पाहण्यापुरते. तेव्हा लहान कागद घ्यावेत, पुढे जोडता येतील.

धुऱ्यावरचा पळस: सर्वांचे आभार. तूर्त मी काहीच विकत घेतलेले नाही. शाळेतील पाठकोरे कागद आणि चुलीतला कोळसा घेऊन काल सायंकाळी बसलो, सकाळी नव्हे, कारण सकाळी शाळा असते. पळसाची पाने झडली आहेत. कळ्यांवरची काळपट मखमल कोळशावर बोट घासल्याने बरी उतरली. केशरी रंग अजून झाडावरच आलेला नाही.