मदत हवी आहे: चढावर गिअर आपोआप उडतोय, शनिवारी राइड आहे

तंगडतोड (मंगळवार, रात्री ९:१०)
मंडळी, पटकन सांगा. सायकलचा गिअर चढावर आपोआप उडतो. मी टाकलेला नसताना चेन खाड्कन एक चकती सोडून दुसरीवर जाते, पाय रिकामा फिरतो, दोनदा नडगी फुटता फुटता वाचली. गेल्या रविवारपर्यंत लोण्यासारखी चालत होती. तीन व्हिडिओ बघून केबलचा ताण कमी-जास्त करून झाला. वरचे गिअर नीट लावले की खालचे बिघडतात, खालचे लावले की वरचे. शनिवारी ऑफिसातल्या चौघांना जंगलात न्यायचंय आणि वाट मीच दाखवणार अशी फुशारकी मारून बसलोय. इथली दुकानं सोमवारी बंद, आज गेलो तर म्हणाले दहा दिवसांनी आणा. घरच्या घरी काय करता येईल तेवढंच सांगा. 'सर्व्हिसिंग करून घ्या' असं कृपया कुणी लिहू नका.

पेडलपंत
सायकल कुठली, स्पीड किती, वय किती? आणि 'इथली' म्हणजे कुठली? पिंपरी की पॅरिस?

तंगडतोड
रँस, फ्रान्स. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे एक चकती, मागे बारा. दोन वर्षं झाली. पण गावाने काय फरक पडतो?

रानवारा
दोन वर्षांत चेन बदलली का? नसेल तर उत्तर मिळालं. चेन ताणली की दातांवर बसत नाही, जोर दिला की उडते. चेनचा ताण मोजायचं गेज लावून बघ, बारा स्पीडला ०.५ टक्के ताण दिसला की चेन बदलायची, नाहीतर कॅसेटही, म्हणजे मागच्या चकत्यांचा संचही, जाते. माझं ताम्हिणीत डिट्टो असंच झालं होतं. चेन आणि कॅसेट दोन्ही मागवून टाक.

पेडलपंत
रानवारा, तो 'रविवारपर्यंत लोण्यासारखी' म्हणतोय. चेन एका दिवसात झिजत नाही.

रानवारा
मी २२ वर्षं सायकल चालवतोय.

पेडलपंत
मी तितकीच वर्षं दुसऱ्यांनी चालवलेल्या दुरुस्त करतोय.

मुळाकाठचा
रँस म्हणजे नकाशावर रीम्स लिहितात तेच ना? फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जिथल्या कॅथेड्रलमध्ये व्हायचे? तिथे डोंगर कुठला आला?

तंगडतोड
तेच. दक्षिणेला 'मोंतान्य द रँस' आहे, म्हणजे रँसचा पर्वत. उतारावर शॅम्पेनचे द्राक्षमळे, माथ्यावर जंगल. उंची तीनशे मीटरच्या आत.

मुळाकाठचा
तीनशेच्या आत आणि पर्वत! अहो, आमचं पुणं शहरच ५६० मीटरवर आहे. तुमच्या पर्वताच्या टोकावर उभं राहिलात तरी आमच्या डेक्कनच्या बस स्टॉपकडे मान वर करून बघावं लागेल.

सह्यभटक्या
इलेक्ट्रिक घ्या. चढाची कटकटच संपते. मी गेल्या वर्षी घेतली, आता सिंहगड म्हणजे चहा प्यायला जाऊन येण्याइतका.

तंगडतोड
अहो, गिअर!

एपेर्नेकर
मी त्याच पर्वताच्या पलीकडे राहते. रविवारी कुठल्या बाजूने गेला होतात? विचारते कारण आदल्या रात्री इकडे चांगला पाऊस झाला होता आणि त्या डोंगरावर दोन प्रकारचा चिखल मिळतो. मळ्यांत खाली खडू आहे. ओला झाला की साबणासारखा घसरतो, पण चिकटत नाही. जंगल लागलं की वर चिकणमाती, थेट गणपतीच्या शाडूसारखी. पहिल्या हिवाळ्यात माझं मागचं चाक तिने असं धरलं की सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आले. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोटही शिरत नव्हतं, काटकीने उकरत बसले होते. तुमचं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, त्यातच अडकलं असणार.

तंगडतोड
रँसहून कालव्याकाठाने सिलरी, तिथून मळ्यांतून वेर्झने, पवनचक्कीपाशी फोटो, मग वेर्झीच्या जंगलात ती वेडीवाकडी झाडं आणि जंगलातूनच झेर्मेन. चिखल होता, पण चाक फिरत होतं. घरी येऊन धुतली. तेव्हापासून हे.

रानवारा
धुतली कशाने? प्रेशर वॉशरने? मग बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. सगळं उघडून ग्रीस करावं लागेल.

तंगडतोड
बादली आणि ब्रश.

मुळाकाठचा
अवांतर: वेडीवाकडी झाडं म्हणजे 'फो द वेर्झी' का? फो म्हणजे फ्रेंचमध्ये खोटं. खोटी झाडं?

एपेर्नेकर
नाही हो. उच्चार तोच, पण हा 'फो' बीच वृक्षाच्या जुन्या फ्रेंच नावातून आला. खरेखुरे बीच आहेत, फक्त वर न वाढता छत्रीसारखे खाली वळतात, फांद्या गाठी मारल्यासारख्या. तंगडतोड, तिथे चौघांना घेऊन जाणार असाल तर सायकली बाहेर ठेवून चालत जा. मुळं वरवर आहेत, चाकांनी सोलली जातात. आणि एक, सध्या शिकारीचा मोसम आहे. वाटेवर 'शास आं कूर' (शिकार चालू आहे) असा फलक दिसला तर मुकाट्याने दुसरी वाट धरा, रानडुकरांवर बंदुका चालू असतात. पोपटी किंवा नारिंगी जॅकेट सगळ्यांना घालायला सांगा. घरी गेल्यावर पायांवर गोचीड बघायची.

तंगडतोड
ताई, सगळं मान्य. गिअरचं बोला ना.

एपेर्नेकर
तेच बोलतेय. झेर्मेनहून परत कसे आलात? सायकलनेच?

तंगडतोड
नाही, टीईआरने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने. स्टेशन जंगलातच आहे, तिथून गाडी थेट रँसला येते. सायकलचे हूक आधीच भरलेले होते म्हणून दाराशी उभी केली. बोगद्याआधी एका वळणावर पडली, एका आजींच्या पिशवीवर. आजी काही बोलल्या नाहीत, बघितलं मात्र असं की बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याचा गिअरशी काय संबंध?

पेडलपंत
कुठल्या अंगावर पडली?

तंगडतोड
उजव्या.

पेडलपंत
अहो देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं!

डिरेलर उजव्या बाजूला असतो. तो फ्रेमला थेट लावलेला नसतो, मध्ये अॅल्युमिनियमचा एक तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. हँगर दोन-तीन मिलिमीटर जरी आत वाकला तरी केबल कितीही फिरवा, एक टोक लागलं की दुसरं बिघडणारच. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय. आता सायकल उभी करा, मागे जमिनीवर बसा, मधला गिअर टाका आणि डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या बघा. वरची-खालची एका सरळ रेषेत, कॅसेटच्या दातांना समांतर दिसायला हव्यात. आणि तोवर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकू नका. डिरेलर स्पोकमध्ये गेला तर चाक, डिरेलर, चेन, सगळं एकदम.

तंगडतोड (रात्री ११:४०)
बघितलं. खालची चकती चाकाकडे झुकलीय. बायकोला दाखवलं, ती म्हणाली हे तर लांबूनही दिसतंय.

रानवारा
मग सोपं आहे. डिरेलरच्या बोल्टमध्ये पाच नंबरची अॅलन की घाल आणि हळू बाहेर ओढ. मी दहा वेळा केलंय.

पेडलपंत
दहा वेळा एकाच हँगरवर केलं असेल तर तो हँगर म्युझियमला द्या. जंगलात अडकलात तर ठीक, घरी येण्यापुरतं. एकदा वाकून सरळ केलेलं अॅल्युमिनियम कमजोर होतं. चौघांना घेऊन चढावर जायचंय तर नवाच टाका.

रानवारा
तो कुठे मिळणार दोन दिवसांत? प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. उगाच माणसाला घाबरवू नका.

पेडलपंत
दोन वर्षांची सायकल आहे, यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) असू शकतो. त्याच्या फ्रेम वेगवेगळ्या, हँगर एकच. काढताना सांभाळा, त्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात. आठ नंबरची की, सुटायला उजवीकडे फिरवायची.

एपेर्नेकर
दुकानात 'पात द देरायर' मागा, हँगरला फ्रेंचमध्ये तेच म्हणतात. सायकल नेऊ नका, जुना हँगर काढून खिशात घालून न्या, म्हणजे शब्द चुकला तरी काम होईल.

सह्यभटक्या
इलेक्ट्रिकमध्येही हँगर असतो का?

पेडलपंत
असतो.

तंगडतोड (शुक्रवार, संध्याकाळी ७:२५)
यूडीएचच निघाला. त्याच दुकानात गेलो. मंगळवारी सायकल पुढे केली तेव्हा दहा दिवस होते, आज काउंटरवर जुना हँगर ठेवला तर मुलाने ड्रॉवर उघडून पाच मिनिटांत नवा दिला. दोन घेतले, एक बॅगेत राहील. बोल्ट डावीकडे फिरवत अर्धा तास घालवला, मग पंतांचं उलट्या आट्यांचं आठवलं. बसवल्यावर केबल पुन्हा पहिल्यापासून लावली, आता बाराही चकत्यांवर निमूट जाते. शनिवारचा रस्ता बदललाय: चिखलाचा माथा टाळून वेर्झनेच्या दीपगृहापर्यंत मळ्यामळ्यांतून, पुढे जंगलात फक्त खडीचे रस्ते. येताना गाडीत सायकल पट्ट्याने बांधणार. ताईंना आणि पंतांना धन्यवाद. रानवारा, चेनचं गेजही घेतलं, ०.५ च्या आत आहे.

रानवारा
आत्ता आहे.

मुळाकाठचा
द्राक्षमळ्यात दीपगृह? समुद्र कुठे आहे तिथे?

एपेर्नेकर
समुद्र नाही. १९०९ मध्ये एका शॅम्पेनवाल्याने जाहिरातीसाठी बांधलं. आता त्यात द्राक्षशेतीचं म्युझियम आहे. वरून मळे छान दिसतात, चौघांना वर नक्की न्या.

पाहुणा_२१
धागा छान. एक विचारायचं होतं, डिसेंबरमध्ये मुलाकडे पॅरिसला जातोय. तिथून परत येताना शॅम्पेनच्या किती बाटल्या आणता येतात?

मुळाकाठचा
माणशी दोन लिटर ड्यूटी-फ्री. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन. मुलाला सांगा, चेक-इनच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून ठेव.