अदिस अबाबात शिकवायला आलेय, शनिवार-रविवार कुठे जावं? (शुद्ध शाकाहारी!)

नगरी_मास्तरीण
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून इथे एका प्रायव्हेट शाळेत मॅथ्स शिकवतेय. नवरा आणि लेक नगरलाच आहेत, दिवाळीनंतर येतील. आठवडा कसा जातो कळत नाही पण शनिवार उजाडला की घर खायला उठतं. मॉल दोनदा फिरून झाले, पाऊस आता थांबलाय आणि ऊन इतकं छान पडतंय की आत बसवत नाही. तर एका दिवसात जाऊन येता येईल अशी ठिकाणं सांगा ना. गाडी नाही, अम्हारिक म्हणाल तर सलाम आणि अमेसेग्नालेहू एवढ्यावर गाडी अडलीय. अंडंही खात नाही. आणि चालीरीतीत काय सांभाळायचं तेही सांगा, कारण परवा स्टाफरूममधे एका मॅडमनी स्वतःच्या हाताने इंजेराचा (इथला आंबवलेला मोठा डोसाच) हा एवढा घास करून सरळ माझ्या तोंडात घातला, मी नुसती बघतच राहिले.

बोलेकर
स्वागत ताई! तो गुर्शा. नाही म्हणायचं नाही, लोक मनाला लावून घेतात. आणि एकावर थांबत नाहीत, दुसरा येतोच, त्यामुळे पहिला पटकन संपवायचा. घास जेवढा मोठा तेवढा जीव जास्त असा हिशोब आहे.

फिरायचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात लांब पळू नका, आधी एंतोतो करा. शहराच्या उत्तरेला डोंगर आहे, वर सम्राट मेनेलिकचा जुना राजवाडा, एंतोतो मरियम चर्च आणि २०२० मधे झालेलं मोठं पार्क, चालायला मस्त वाटा, निलगिरीची झाडंच झाडं (तीही मेनेलिकच्या काळात बाहेरून आणून लावलेली). फक्त दमानं चढा. अदिसच मुळात २३०० मीटरच्या वर आहे म्हणजे तुमच्या कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच, आणि एंतोतो त्याच्याही वर, पहिल्या दिवशी जीव वर येतो. टॅक्सीसाठी राईड किंवा फेरेस अ‍ॅप टाका, रस्त्यावर भाव करत बसू नका.

गणिताचा_तास
मी म्हणेन सरळ वेंचीला जा. अंबोच्या पलीकडे, ज्वालामुखीच्या खोलगट तोंडात तळं, घोड्यावरून खाली उतरायचं. इथिओपियात येऊन मॉल आणि पार्क काय बघायचं?

बोलेकर
वेंची सुंदर आहे, वाद नाही. पण दीडशे किमी जायचं आणि तेवढंच यायचं, एका दिवसात नुसता रस्ता बघून होईल. शिवाय शहराबाहेरच्या काही रस्त्यांवर अधूनमधून गडबड असते, पश्चिमेला आणि उत्तरेला जास्त. एकटी बाई, भाषा येत नाही, अशा वेळी मी तरी पाठवणार नाही. शाळेतल्या लोकल स्टाफला विचारायचं, ते नको म्हणाले तर नको. आणि कुठेही गेलात तरी अंधार पडायच्या आत शहरात परत.

गणिताचा_तास
बरं बाबा, ते खरंय. मग बिशोफ्तू.

शिरोभक्त
बिशोफ्तूला माझंही मत. पन्नासच्या आत किमी, चार-पाच ज्वालामुखी तळी, बाबोगाया आणि होराच्या काठाला बसायला जागा आहेत, पक्षी तर विचारू नका. लोक अजून जुन्या नावाने देब्रे झैत म्हणतात, मिनीबसवालाही तेच ओरडतो. गावात गेलात की फिरायला बजाज. हो, आपल्या आकुर्डीची बजाज! इथे तीनचाकी म्हणजे बजाजच, दुसरं नाव नाही. एक सांभाळा, तिथे एअरफोर्सचा तळ आहे, तेव्हा कुंपणं-गेटं-गणवेशवाले यांचे फोटो काढू नका, आणि कोणी ड्रोन आणतो म्हणाला तर त्याला घरीच ठेवा (ड्रोनला नाही, त्या माणसाला).

ऑक्टोबरच्या सुरुवातीला होराच्या काठी ओरोमो लोकांचा इरेचा असतो, पाऊस संपल्याचे आभार मानायचा सण, लाखो लोक पांढऱ्या कपड्यात. बघण्यासारखा आहे पण त्या वीकेंडला रस्ते बंद असतात, तळ्याकाठी निवांत बसायचा बेत असेल तर तो आठवडा सोडा.

आता खाणं. इथे एक उलटी गंमत आहे जी नवीन शाकाहारी माणसाला कोणी सांगत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही, त्यामुळे त्या दोन दिवशी कुठल्याही टपरीत बसा, बेयायनेतू मागवा, इंजेरावर मसूर, कोबी, बीट, पालेभाजी असं ताट भरून येतं आणि डोळे झाकून खावं. पण तुम्ही फिरणार शनिवार-रविवारी! तेव्हा उपास नसतो, गावाकडच्या हॉटेलात दारातच अख्खा बैल टांगलेला आणि लोक कच्चं मांस सुरीने कापून खातायत. मग काय करायचं, तर शिरो मागायचा. शिरो म्हणजे आपलं पिठलंच हो, फक्त मसाला बेर्बेरेचा, मातीच्या भांड्यात रटरटत येतं. पण नुसतं शिरो म्हणू नका, "त्सोम शिरो" म्हणा, नाहीतर त्यात लोणी घालतात. आणि बोझेना शिरो अजिबात नको, त्यात मांस असतं. ईस्टरच्या आधी ५५ दिवस मोठा उपास असतो, त्यात शनिवार-रविवारही आले, तेव्हा तुमची चंगळ, लांबचे बेत तेव्हाच ठेवा.

निवृत्त_हेडमास्तर
धागा वाचून बरे वाटले. मी दर्गच्या (लष्करी) राजवटीत तिथे शिकवत होतो, आता साताऱ्यास असतो. सम्राट हैले सेलासींच्या वेळेपासून आपले शिक्षक तिथे जात आलेत, त्यामुळे साठी-सत्तरीचा कोणी भेटला तर हमखास सांगेल की मला हिंदी माणसाने शिकवले. त्या ओळखीवर कॉफीचे आमंत्रण येते. ताई, ते आमंत्रण आले तर बाकी बेत रद्द करा. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, कच्च्या बिया तुमच्यासमोर भाजतात, धूर निघाला की ती कढई प्रत्येकाच्या नाकाशी आणतात, हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि छान म्हणायचे. सोबत लाह्या. कप तीन, अबोल, तोना, बेरेका. पहिला पिऊन उठणे वाईट दिसते. दोन तास धरून चाला.

घड्याळाचे मात्र पक्के करा. त्यांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ड्रायव्हर "दोनला येतो" म्हणाला तर तो आठला दारात उभा असेल. दर वेळी विचारायचे, हबेशा (त्यांची वेळ) की फेरेंज (परक्यांची, म्हणजे आपली)? महिने तेरा, नवे वर्ष ११ सप्टेंबरला आणि सन आपल्यापेक्षा सात-आठने मागे, त्यामुळे सणाच्या सुट्ट्या शाळेच्या कॅलेंडरवर आपल्या तारखांनी लिहून घ्या. १९ जानेवारीचा तिमकेत (येशूच्या बाप्तिस्म्याचा सण) चुकवू नका, शहरात जान मेदाच्या मैदानावर.

आणि तुम्ही नगरच्या आहात म्हणून, निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर तिकडचाच. गुलाम म्हणून विकला गेला, पुढे १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. स्टाफरूममध्ये हे सांगून बघा, अर्ध्या लोकांना ठाऊक नसते आणि मग विषय थांबत नाही.

नगरी_मास्तरीण
काका, मलिक अंबर आज सांगितला! हिस्टरीचे सर वहीत लिहून घेऊन गेले आणि आता त्यांना नगरचा किल्ला नेटवर बघायचाय. शिरोभक्त, त्सोम शिरो पाठ केला. बिशोफ्तू पुढच्या शनिवारी नक्की. पण दक्षिणेकडे जुन्या दगडांचं काहीतरी आहे असं एकजण म्हणत होता, ते काय? आणि चर्चमधे मी गेले तर चालतं का?

बोलेकर
तिया. बुटाजिराच्या रस्त्याला, ऐंशी-नव्वद किमी. उभे कोरीव दगड, त्यावर तलवारी कोरलेल्या, खाली जुनी दफनं, १९८० पासून युनेस्कोच्या यादीत. नुसते तेवढेच बघायचे तर अर्ध्या तासात होतं, म्हणून त्याच रस्त्यावरचं मेल्का कुंतुरे (आदिमानवाची दगडी हत्यारं) आणि अदादी मरियम धरून दिवसभराची गाडी करा, तिघी-चौघी मिळून गेलात तर परवडतं. अदादी मरियम खडकात कोरलेलं चर्च आहे, उत्तरेकडच्या लालिबेलाच्या प्रसिद्ध चर्चेससारखंच पण छोटं, आणि अजून वापरात आहे. चपला बाहेर, डोकं झाकायला पांढरी नेतेला किंवा साधी ओढणी, पॅंटऐवजी लांब स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस. बायकांचं दार वेगळं असतं तेवढं बघा. आत फोटो विचारल्याशिवाय नको. सुट्टे बिर (इथलं चलन) जवळ ठेवा, तिकडे टेलेबिर (मोबाईलवरून पैसे द्यायचं अ‍ॅप) चालेलच असं नाही.

जायच्या आधी एकदा अदिसच्या नॅशनल म्युझियममधे जाऊन या, लूसी (मानवाच्या पूर्वजाचा सांगाडा) तिथे आहे, १९७४ ला सापडलेली, ३२ लाख वर्षांची. बाहेर मांडलेली नक्कल आहे, खरी हाडं आत कुलपात. खालचा मजला सोडला तर बाकी म्युझियम मला तरी कंटाळवाणं वाटलं.

गणिताचा_तास
कंटाळवाणं काय, वरच्या मजल्यावरची चित्रं बघितलीस का नीट?

ताई, तियाला आम्ही दोघं येतो, गाडीचे पैसे वाटून घेऊ. माझी बायको अम्हारिक बोलते, ड्रायव्हरही ओळखीचा आहे. डबा आणू नका, बायको थालीपीठं करणार आहे, टेफचं (इंजेराच्या धान्याचं) पीठ घालून. तुमच्याकडे नगरहून आणलेलं लोणचं उरलं असेल तर तेवढं घ्या. मेसेज करतो.